मावठ्यात नेता येईल अशी गवसणी

आमच्याकडच्या डिसेंबरात उघड्यावरच्या मैफलीला तानपुरा न्यायचा असेल, तर दुकानात टांगलेली तयार बॅग घेऊ नका. एखादा चांगला गादी-रजईवाला गाठा आणि त्याच्याकडून रुईची, म्हणजे पिंजलेल्या कापसाची, गवसणी (वाद्यावर चढवायचं आवरण) शिवून घ्या. मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका छोट्या दुकानातून अशी शिवून घेतली. ती धुक्यात नेली, उन्हात नेली, मावठ्यात भिजू दिली, आणि काही हिवाळे वापरल्यावर आता तिच्याबद्दल खात्रीनं लिहिता येतं.

मी ग्वाल्हेरची. गाणं शिकवते, आणि शहरात कुणाचं गाणं असलं की बऱ्याचदा मागे तानपुऱ्यावर बसते. माझा तानपुरा मिरजेचा, बायकी मापाचा, काळी चार या पट्टीला सुरेख बोलणारा. वडिलांनी घेऊन दिलेला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. असं वाद्य पुन्हा मिळेल की नाही कोण जाणे. भोपळा मनासारखा मिळायला हवा, लाकूड मुरलेलं हवं, जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी ती गुंजणारी आस, लावणारा हात हवा. त्यामुळे त्याला घराबाहेर काढताना मी शंभरदा विचार करते, आणि तरीही काढते, कारण कपाटात ठेवलेला तानपुरा हळूहळू मुका होतो असं माझं ठाम मत आहे.

ग्वाल्हेरचा डिसेंबर ज्यांनी अनुभवला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दुपारी लख्ख ऊन, पारा २२-२३ अंशांवर, स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो. सूर्य मावळला की तासाभरात शाल, कानटोपी, मोजे सगळं अंगावर चढतं. उत्तररात्री ७-८ अंश, कधी त्याहूनही खाली. महिना सरत आला की पहाटे धुकं उतरतं, मग फूलबागेतून किल्ला दिसेनासा होतो आणि बाहेर वाळत घातलेला टॉवेल सकाळी ओलाच्या ओला हाती येतो. त्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ. ते जवळ आले की आभाळ भरतं, रात्रीची थंडी अचानक कमी होते, लोक म्हणतात चला, बरं झालं. आणि मग बारीक, गार पाऊस सुरू होतो. त्यालाच आम्ही इकडे मावठा म्हणतो. गव्हा-हरभऱ्याला तो मानवतो, शेतकरी त्याची वाट पाहतात. पाऊस सरला की आभाळ स्वच्छ, उत्तरेचं कोरडं वारं, आणि हाडात शिरणारा कडाका. हे सगळं चार-पाच दिवसांत होऊन जातं.

आणि नेमका हाच आमच्या गाण्याचा महिना. शहरातल्या हजिरा भागात मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची समाधी आहे, शेजारी चिंचेचं झाड आहे, ज्याची पानं खाल्ली की गळा सुरेल होतो अशी गाणाऱ्यांची श्रद्धा. तिथला तानसेन समारोह डिसेंबरात असतो. १९२४ मध्ये सुरू झाला, २०२४ मध्ये त्याचा शंभरावा उत्सव झाला. सकाळी शहनाई, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद, मग संध्याकाळी गाण्याच्या सभा. एक सभा तानसेनाच्या गावी, बेहटला, झिलमिल नदीच्या काठी, सकाळच्या वेळी होते. वर मांडव असला तरी बाजूनं गारठा येतोच, आणि दंव कुणाची परवानगी घेत नाही. तिकडे पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सवही डिसेंबरातलाच, आणि २०१४ साली अवकाळी पावसामुळे तोही पुढे ढकलावा लागला होता. म्हणजे हा प्रश्न आम्हा ग्वाल्हेरकरांचाच नाही.

तानपुरा म्हणजे भोपळा, लाकूड आणि तारा. या तिघांना हवा सारखी लागत नाही, आणि सगळा घोळ तिथं आहे. तारा लगेच बदलतात. गारठ्यात त्या आकसतात, ताण वाढतो, स्वर चढतो. रंगमंचावरच्या दिव्यांची धग लागली की ढिल्या पडतात, स्वर उतरतो. चारही तारा एकसारख्या चढल्या-उतरल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार पितळेची. पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं-पसरतं, शिवाय खर्ज मुळात कमी ताणावर असतो, त्यामुळे त्याचा स्वर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हलतो. गाणारा षड्ज लावून डोळे मिटतो, आणि मागे खर्ज जोडाला (मधल्या दोन षड्जाच्या तारांना) सोडून गेलेला असतो.

लाकूड सावकाश चालतं. दमट हवेत ते ओल पिऊन आडवं फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून मावठ्याच्या दिवसांत खुंटी अशी घट्ट बसते की फिरवताना मोडेल की काय असं वाटतं. पाऊस सरून वारं सुटलं की तीच खुंटी सैल होऊन ऐन रंगात आलेल्या विलंबितात कर्रकन मागे फिरते. खडू लावायचा, आत दाबायची, पुन्हा मिळवायचं. घोडीवरचा जवारीचा दोरा तर एवढासा, पण त्याला ओल लागली की तो फुगतो आणि जवारी बंद होते. तार वाजते, तानपुरा बोलत नाही. आणि वरचं लाखेचं पॉलिश ओल धरून राहिलं की पांढुरकं पडतं, ते पुसून जात नाही.

तेव्हा गवसणीकडून मला काय हवं होतं ते नीट लक्षात घ्या. पाणी आत येऊ नये एवढंच पुरेसं नाही. बाहेरची हवा कितीही झपाट्यानं बदलो, आतली हवा सावकाश बदलली पाहिजे. नुसत्या थंडीनं वाद्याचं फारसं बिघडत नाही. तास-दीड तासात उन्हातून धुक्यात आणि धुक्यातून हीटरच्या खोलीत नेलं की बिघडतं.

बाजारातल्या तयार बॅगा या कामाच्या नाहीत, असं म्हणायला माझ्याकडे कारण आहे. बाहेरून पॅराशूटचं कापड, मध्ये बोटभर फोम, आतून गुळगुळीत प्लास्टिकसारखं अस्तर. हलकी, दिसायला झकास, खिसे भरपूर. घरातल्या उबेत तानपुरा आत घालून चेन लावली की ती उबदार, दमट हवा आतच कोंडते. बाहेरच्या गारठ्यात अस्तर थंड पडतं आणि त्याला आतून घाम येतो. पाऊस नसतानाही वाद्य ओलं होतं.

आणि पाऊस असला तर? माझ्या एका शिष्येचा तानपुरा अशाच बॅगेतून एका मैदानावरच्या कार्यक्रमाला गेला होता. रंगमंचामागे वाद्यं ठेवायला जागा दिली होती ती उघड्या जमिनीवर, वर एक फाटकी ताडपत्री. आम्ही दोघी पुढे सभेत होतो. मावठा आला. बॅगेचं कापड पाण्याला दाद देत नव्हतं, पण शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी झिरपलं आणि आत साठलं, कारण बाहेर जायला वाट नाही. संयोजकांपैकी कुणी वाद्यं हलवली नाहीत, आम्हाला सांगितलंही नाही. रात्री घरी येऊन उघडलं तर तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर) तळहाताएवढा पांढरा डाग, आणि खालची कड हाताला गार, ओलसर. पोरगी रडली. मलाही गळ्याशी आलं. मिरजेहून आलेल्या कारागिरानं पुढे तो डाग काढून पॉलिश करून दिलं, पण त्या कडेला तानपुरा अजून किंचित उठलेला आहे.

फायबरची कडक पेटीही मी हाताळली आहे. आगगाडीच्या प्रवासाला तिच्यासारखं काही नाही, धक्क्यापासून भोपळा वाचवायचा तर तीच. पण महाग, अवजड, आणि आतली हवा कोंडण्याचा प्रश्न तिथंही उरतोच. गावातल्या गावात ई-रिक्षातून मैफलीला जायला ती पेटी कोण काढणार?

तर गादीवाले. दुकान दौलतगंजच्या बाजूला, एका बोळात. दुकानाला पाटी नाही. पुढे रजया टांगलेल्या, आत रुई पिंजायचं यंत्र, एका अंगाला गादी अंथरून त्यावर म्हातारेबाबा बसलेले आणि शिलाई मशीनवर त्यांची सून. आमच्या घरच्या रजया पूर्वीपासून तिथंच भरल्या जातात. मी त्यांना नुसतं माप नेऊन दिलं, ते त्यांनी घेतलंच नाही. वाद्य घेऊन या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तानपुरा नेला. बाबांनी आधी हात धुतले, पंचाला पुसले, मग तानपुरा गादीवर आडवा ठेवला. फूटपट्टी किंवा टेप घेतलीच नाही. सुतळीचा तुकडा घेतला, भोपळ्याभोवती फिरवला, गाठ मारली. गळ्याभोवती दुसरी गाठ, दांडीभोवती तिसरी, खुंट्यांच्या टोकाटोकातून चौथी. मग तीच सुतळी ताणून वर्तमानपत्राच्या कागदावर खुणा केल्या आणि सबंध आकृती काढली. मला उचलायला लावलं. हात कुठे पडतो, पट्टा खांद्यावर कुठे येतो, रिक्षात बसल्यावर मांडीवर कुठला भाग टेकतो, हे सगळं त्यांनी विचारलं. तानपुरा त्यांनी आयुष्यात कधी हातात घेतला नव्हता, पण प्रश्न एकही चुकीचा विचारला नाही.

मग भरणीचा विषय निघाला. सून म्हणाली पॉलिस्टरची भरण घाला, हलकी होईल, भिजली तरी लवकर वाळेल. तिचं चूक नव्हतं. पण मला रुईच हवी होती, कारण कापूस आतल्या हवेतली ओल स्वतःत ओढून घेतो आणि मग सावकाश सोडतो. पॉलिस्टर ती ओल घेत नाही, म्हणजे ती जाणार वाद्यावर. बाबांनी मान डोलावली आणि रुई नवी, नीट पिंजलेली घालतो म्हणाले. टाके मात्र नेहमीच्या रजईसारखे हातभर अंतरावर चालणार नाहीत, दोन-दोन बोटांवर घालावे लागतील, वेळ लागेल. "बहनजी, रुई एक तरफ बैठ गई, तो समझो ठंड वहीं से घुसेगी." ही एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. वाद्य उभं राहतं, रजईसारखं आडवं पसरत नाही. रुई खाली घसरून भोपळ्यापाशी गोळा झाली असती आणि दांडी उघडी पडली असती.

अस्तराला मी घरचं जुनं धोतर दिलं, सासऱ्यांचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नव्या कापडात खळ असते, ती पॉलिशवर घासली की बारीक रेघा उठतात. बाहेरून जाड सुती कॅनव्हास, कनातीला वापरतात त्या जातीचा, पण विरळ वीण असलेला. तो पाणी पूर्ण अडवत नाही, आणि तसंच हवं होतं. पाणी अडवायचं काम निराळं केलं. रेनकोटच्या कापडाची एक सुटी खोळ, वरून घालायची, खाली उघडी, भोपळ्याच्या खाली वीतभर येणारी. पाऊस आला की चढवायची, थांबला की काढून झटकायची. आतली हवा खालून मोकळी राहते. या सगळ्या गवसणीत सर्वात शहाणपणाची गोष्ट कुठली विचाराल तर ही सुटी खोळ. पावसाचं कापड कायमचं शिवून टाकलं की पुन्हा तीच घामाची बॅग तयार होते.

चेन एका बाजूनं गळ्यापासून भोपळ्याच्या अर्ध्यापर्यंत. आतून तिला चार बोटं रुंद पट्टी, म्हणजे चेनचा धातू लाकडाला लागत नाही. भोपळ्याखाली ठेवायला त्याच कॅनव्हासची एक चुंबळ करून दिली, आत घट्ट गुंडाळलेल्या चिंध्या. ही मी मागितली नव्हती, सुनेनं आपणहून केली. ओल्या जमिनीवर, गार फरशीवर, मांडवातल्या दमट सतरंजीवर आधी चुंबळ ठेवायची आणि मग तानपुरा. एवढीशी वस्तू, पण तिच्याशिवाय आता मी घराबाहेर पडत नाही.

पहिल्या खेपेला डोक्याकडचा भाग अरुंद झाला होता. बाजूच्या खुंटीवर कापड दाबलं जायचं आणि गवसणी काढता-घालता ती किंचित फिरायची. घरी मिळवलेला तानपुरा तिथं पोचेपर्यंत उतरलेला. परत नेली. बाबांनी शिलाई उसवली, खुंट्यांच्या दोन्ही अंगांना रुईच्या जाड पट्ट्या घातल्या, त्यामुळे मध्ये खुंट्यांना पोकळी राहिली. पैसे घेतले नाहीत. तुम्ही शिवून घ्याल तर हे आधीच सांगून ठेवा.

आता प्रत्यक्षात कशी वागली ते. बेहटची सकाळ सांगते. पहाटे निघालो तेव्हा रस्त्यावर इतकं धुकं की गाडीवाल्यानं खिडकी उघडून बाहेर डोकं काढून गाडी हाकली. तानपुरा मागच्या सीटवर, झोपलेल्या मुलासारखा मांडीवर आडवा. पोचलो तेव्हा कॅनव्हासच्या बाहेरच्या तंतूंवर दंवाचे बारीक थेंब, हात फिरवला की ओला होणारा. झिलमिलच्या काठी, कललेल्या महादेवाच्या देवळापाशी मी गवसणी तशीच बंद ठेवून अर्धा तास बसले. मग चेन उघडून हात आत घातला. धोतराचं अस्तर कोरडं. तबली कोरडी. घरी रात्री मिळवलेल्या स्वरापासून जोड जवळजवळ हललाच नव्हता, खर्ज थोडा चढला होता, तो तारेतल्या बारीक मण्यांनीच जागेवर आला, खुंटीला हात लावावा लागला नाही. बाहेरच्या बोटं गोठवणाऱ्या हवेतून एवढा प्रवास करून आलेल्या तानपुऱ्याबद्दल मी हे लिहिते आहे. तयार बॅगेतून आणलेला तानपुरा अशा वेळी निम्मा वेळ मिळवण्यातच घालवतो आणि तरी नीट लागत नाही.

मावठ्याचा दिवस जास्त कठीण होता. एका लग्नघराच्या हिरवळीवर संध्याकाळची मैफल, आभाळ सकाळपासून भरलेलं. मध्यंतराच्या सुमारास थेंब सुरू झाले. गाणाऱ्या ताईंनी राग आवरता घेतला, मी तिथल्या तिथं गवसणी चढवली, वर खोळ, आणि चुंबळीवर उभा करून खांबाला टेकवून धरून बसले. पाऊस तिरका होता. खोळीवरून पाण्याच्या धारा खाली ओघळत होत्या, चुंबळ खालून भिजून काळी पडली. आम्ही आत गेलो तेव्हा खोळ काढली, कॅनव्हास खालच्या वीतभर भागात ओलसर होता, त्यावर रुई कोरडी. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात उघडला, जवारी होती तशीच. दोरासुद्धा बदलावा लागला नाही.

आत गेल्यावरची गोष्ट विशेष सांगते, कारण तिथं लोक घाई करतात. ग्रीनरूममध्ये हीटर लावलेला असतो, कुठे शेगडी असते. बाहेरून गारठलेला तानपुरा तिथं आणून लगेच उघडला की तबलीवर, तारांवर दंव धरतं. गवसणी बंदच ठेवायची, हीटरपासून लांब, निदान अर्धा तास. रुई आतली थंडी हळूहळू सोडते. ही उसंत तयार बॅगही देईल असं वाटतं, पण तिच्यात आधीच ओल असते. रुईची गवसणी हे अर्धा तासाचं काम खऱ्या अर्थानं करते, आणि तिच्या किमतीतले अर्धे पैसे मी याच कामाचे धरते.

तक्रारी आहेत. वजन भरपूर आहे, खांद्यावर पट्टा रुततो, बाबांनी पट्टा रुंद केला तरी रुततो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं एका हातात तानपुरा आणि दुसऱ्यात सामान असं करून चालू नये, सोबत कुणीतरी हवं. आकार फुगीर आहे, ई-रिक्षात शेजारच्या माणसाची अडचण होते. रुईपर्यंत ओल गेलीच तर वाळायला कडकडीत ऊन लागतं, आणि धुक्याच्या आठवड्यात ऊन कुठून आणायचं? तेव्हा खोळ वेळेवर चढवणं हाच त्यावर उपाय. धुता येत नाही. पावसाळ्यात कपाटात ठेवताना मी आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते, नाहीतर कसर लागेल. आणि धक्क्यापासून ती फार वाचवत नाही. भोपळा पडला तर रुईच्या गवसणीतही फुटेल. लांबच्या आगगाडीला मी अजून फायबरची पेटीच मागून नेते.

काही जण म्हणतात, कशाला एवढा खटाटोप, इलेक्ट्रॉनिक तानपुरा ठेवावा, तो ना चढतो ना उतरतो. रियाजाला माझ्याकडेही आहे, मोबाइलमध्येही आहे. पण ज्या गावात हद्दू-हस्सू खाँ गायले, ज्या घराण्याचं गाणं कृष्णराव शंकर पंडितांनी आयुष्यभर इथं बसून गायलं आणि शिकवलं, त्या गावच्या मैफलीत गाणाऱ्याच्या पाठीशी दोन खरे तानपुरे असायलाच हवेत असं मला वाटतं. खऱ्या जोडीतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यावर गाणारा टेकतो. तो गंधार इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या आवाजात मला कधी मिळाला नाही. त्यासाठी रुई वाहून न्यावी लागली तर मी नेईन.

त्याच दुकानातून ऐकणाऱ्यांसाठी एक वस्तू घेण्यासारखी आहे. बसायची पातळ गादी, खालून रेक्झिन, वरून सुती, मध्ये रुई. रात्रीच्या सभेत सतरंजीतून जमिनीचा गारवा वर येतो, कंबर धरते, आणि चांगलं गाणं सोडून लोक उठून जातात. ही गादी घडी करून पिशवीत मावते. माझ्या सासूबाई ती घेऊन हजिऱ्याला शेवटच्या गायकापर्यंत बसल्या, हेच तिचं प्रमाणपत्र. हे लोक हार्मोनियमची गवसणीही शिवतात, पण ती मी वापरलेली नाही.

मला गवसणी, खोळ आणि चुंबळ मिळून २,६०० रुपये पडले, अस्तराचं कापड माझं. रुईचा भाव बदलतो, तेव्हा थोडं वरखाली होईल. तयार बॅगेच्या जवळपासच किंमत येते. शिवायला टाकायची तर दसऱ्याच्या आधी टाका. दिवाळीनंतर रजयांची गर्दी सुरू होते, तेव्हा बाबांना मान वर करायला फुरसत नसते आणि दोन बोटांवरचे टाके घाईत चार बोटांवर जातात. तानपुरा तारा थोड्या उतरवून न्या, सोबत जुनं सुती कापड न्या, खुंट्यांभोवती पोकळी ठेवायला सांगा, आणि खोळ सुटीच शिवा म्हणून दोनदा बजावा. दुकान सोमवारी बंद असतं.